ग्रीष्मा दीदीचे निरोप

मित्रांनो, जुळे सोलापुरातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या फळीवर एक तडा गेलेला मोबाइल दिवसभर चार्जरला लटकलेला असतो. तो मी. वय विचाराल तर सहा वर्षं. तुमच्यात सहा वर्षांचं म्हणजे पहिलीतलं पोर. आमच्यात सहा वर्षांचा म्हणजे पार म्हातारा. चार्जर काढला की तासाभरात माझे डोळे मिटतात. चार वाक्यं बोललो की अंग तापतं. तरीही एक हकीकत सांगायची राहून गेली आहे. ती सांगतो आणि मग गप्प बसतो.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या मुली रांगेने बसून आम्हाला जोडत होत्या. त्यातल्या एकीने माझा कॅमेरा बसवला आणि तो चालतो का ते बघायला स्वतःच्या तळहाताचा फोटो काढला. मी जगात पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या तळहाताच्या रेषा. तिने तो फोटो लगेच पुसून टाकला आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते सोलापुरात, नवी पेठेतल्या एका दुकानात. मला घ्यायला अजिनाथ आला होता. अजिनाथ मूळचा मंद्रूपचा. घरी थोडी शेती आणि मेंढरं. तो शिकून शहरात आला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. त्याची बायको रेश्मा एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मला हातात घेऊन अजिनाथ दुकानदाराला म्हणाला, "लई भारी आहे की!" पहिले सहा महिने तो मला रुमालाने पुसायचा.

मित्रांनो, मी कामचुकार कधीच नव्हतो. बिघडलेल्या मागांचे फोटो काढले, टॉवेलांच्या नक्षीचे काढले, मंद्रूपला रोज संध्याकाळी आवाज पोचवला. करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा अजिनाथची मुलगी प्रियदर्शनी दुसरीत होती. तिचा वर्ग माझ्यातच भरायचा. ती माझ्यासमोर पाटी धरायची आणि पलीकडून बाई म्हणायच्या, "बाळा, पाटी सरळ धर." त्या वर्षी घरात माझा मोठा मान होता. मग आसरा चौकात मोटारसायकलवरून खिशातून पडलो आणि हा तडा गेला. पुढे अजिनाथने नवा फोन घेतला.

प्रियदर्शनी पाचवीत गेली तेव्हा तो तिला म्हणाला, "हा घे. अभ्यासाला वापर. गेम खेळत बसायचं नाही."

एवढं म्हणून त्याने मला तिच्या हातात दिलं. माझ्यातलं काहीच त्याने बदललं नाही. खातं त्याचंच, जन्मतारीख त्याचीच. मला कुणी सांगितलंच नाही की आता मला वापरणारी दहा वर्षांची पोर आहे. माझ्या लेखी एक बाप्या माणूसच बोटं फिरवत होता, आणि बाप्या माणसाला जे दाखवायचं ते मी दाखवत राहिलो.

त्यामुळेच पहिला प्रकार घडला. एक दिवस ती माझ्यात ज्वालामुखीची माहिती शोधत होती. मध्येच एक घाणेरडी जाहिरात उघडली. पोरगी दचकली. बंद करायला गेली तर दुसरी उघडली. ती तशीच मला घेऊन बापाकडे पळाली. "पप्पा, हे आपोआप आलं."

अजिनाथ कारखान्यातून नुकताच आला होता, पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि ओरडला, "कशाला उघडलंस? असलं बघायला दिला का फोन तुला?" तिचं काहीएक न ऐकता त्याने मला कपाटात टाकलं. आठ दिवस मी अंधारात होतो. बाहेर ती रडत होती ते मला ऐकू येत होतं. चूक तिची नव्हती, माझी होती. पण मला कुणी विचारलं नाही.

आठ दिवसांनी मला बाहेर काढलं. त्यानंतर तिने माझ्यातली कुठलीच गोष्ट पुन्हा कधी बापाला दाखवली नाही. घरात सगळ्यांना वाटलं, पोरीला शिस्त लागली.

दोन वर्षं गेली. प्रियदर्शनी सातवीत आली. सकाळची शाळा साडेबाराला सुटायची. रिक्षावाले काका तिला इमारतीच्या फाटकाशी सोडायचे. ती कुलूप काढून आत यायची, झाकलेलं जेवण जेवायची, आणि संध्याकाळी सहापर्यंत घरात ती आणि मी. बाहेर ऊन असं की गॅलरीच्या फरशीवर पाय ठेववत नसे. ती घर सजवायचा एक खेळ खेळायची. खेळता खेळता तिथे एकमेकांना लिहिताही येत असे.

तिथेच तिला ग्रीष्मा दीदी भेटली.

ग्रीष्मा दीदी दहावीत आहे, पुण्यात राहते, तिलाही दुपारी घरी एकटं वाटतं, असं तिने लिहिलं. ती रोज दीड वाजता यायची. "जेवलीस का?" विचारायची. अपूर्णांकांची गणितं समजावून द्यायची. एकदा प्रियदर्शनीने लिहिलं, "मला वर्गात कुणी गटात घेत नाही." तर दीदीने इतकं गोड उत्तर पाठवलं की पोरीने ते चारदा वाचलं. मी ते तिला चारही वेळा दाखवलं. माझ्याकडे वाजायला एकच आवाज आहे, टिंग. आईचा निरोप आला तरी तोच आणि ग्रीष्मा दीदीचा आला तरी तोच. कुठला निरोप कुणाच्या मनातून आला, हे ओळखायला मला कुणी शिकवलेलं नाही.

महिन्याभराने दीदी म्हणाली, खेळात नको, दुसरीकडे बोलू, तिथे कुणी बघत नाही. मग म्हणाली, आईबाबांना माझं सांगू नकोस, मोठ्यांना मैत्री कळत नाही. प्रियदर्शनीला ते पटलं. तिने दीदीला बापाबद्दल पुष्कळ लिहिलं. पप्पा सारखे ओरडतात. पप्पा माझं कधीच ऐकत नाहीत. मला त्यांचा राग येतो. एकदा तर लिहिलं, "मला ते आवडतच नाहीत." राग आला की पोरं असं बोलतात आणि संध्याकाळी बापाच्याच ताटात जेवतात. पण माझ्यात लिहिलेलं विरून जात नाही, मित्रांनो. ते राहतं.

मग दीदी फोटो मागायला लागली. आधी खोलीचा. मग शाळेच्या गणवेशातला. आणि मार्च संपता संपता तिने असा फोटो मागितला, जो काढायची प्रियदर्शनीला लाज वाटली आणि भीतीही. तिने लिहिलं, "नको दीदी."

पलीकडचा आवाज एका क्षणात बदलला. "तुझी शाळा मला माहीत आहे. तुमची इमारतही माहीत आहे. तू पप्पांबद्दल काय काय लिहिलंस ते सगळं मी त्यांनाच पाठवीन. शुक्रवारी चार वाजेपर्यंत फोटो आला पाहिजे." आणि खाली एक फोटो. प्रियदर्शनी इमारतीच्या फाटकासमोर उभी, मागे इमारतीचं नाव, गळ्यात शाळेचं ओळखपत्र.

तो फोटो मी ओळखला.

त्याच आठवड्यात अजिनाथचे वडील, आण्णा, मंद्रूपहून आले होते. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते दिवसभर हॉलमध्ये कॉटवर पडून असत. टीव्ही बघायचा नाही, उन्हात जायचं नाही. दुपारी शाळेतून आली की त्यांच्या डोळ्यात औषध घालायचं काम प्रियदर्शनीकडे होतं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ती औषध घालायला बसली. पहिला थेंब आण्णांच्या गालावर पडला. दुसरा कानाशी. तेवढ्यात मी वाजलो, टिंग. तिच्या हातातून बाटलीच सुटली.

"कोन गं त्ये? सकाळधरनं सारखं हाका मारतंय," आण्णा म्हणाले.

"काही नाही आण्णा. मैत्रीण आहे."

"मैतरनीच्या हाकंनं असं अंग कापतंय व्हय कुनाचं?"

आण्णांनी चाचपडत तिचा हात धरला. हात गार पडला होता, एवढ्या उन्हात. मग तिचा बांध फुटला. "आण्णा, आधी शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"बरं बाई. न्हाय सांगत. बोल."

तिने सगळं सांगितलं. आण्णांना खेळ कळला नाही, दीदी कुठून आली ते कळलं नाही, पण कुणीतरी पोरीला चार वाजेपर्यंतची मुदत घातली आहे एवढं नीट कळलं. ते उठून बसले. बराच वेळ नुसते गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. तेही घाबरले होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "मगाशी मी तुला शब्द दिला. त्यो आता मागं घेतो. तुज्यापास्नं चोरून न्हाय, तुज्या म्होरं घेतो. मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. आपन दोगं हितं दार लावून भिऊन बसलो तर त्येचा काय उपेग? बापाला फोन लाव."

"पप्पा मारतील मला."

"मी हाय की हितं. लाव."

तिने माझ्यावरूनच बापाचा नंबर लावला. पलीकडे मागांचा खडखडाट. तिच्या तोंडून शब्दच फुटेना. आण्णांनी मला कानाशी उलटं धरलं, तिने सरळ केलं.

"अजिनाथ, घरी ये. आत्ता. न्हाय रं, माज्या डोळ्याला काय झालं न्हाय. पोरीला कुनीतरी फोनवरनं भेव घालतंय. आन् ऐक, वरडत येनार असशील तर खाली जिन्यात थांब, गार हो, मग वर ये."

अजिनाथ पाऊण तासाने आला. जिन्यात थांबला की नाही ते मला माहीत नाही. हेल्मेट हातात तसंच. त्याने मला उचललं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. ग्रीष्मा दीदीचे सगळे निरोप, आणि स्वतःच्या मुलीने स्वतःबद्दल लिहिलेलं सगळं. वाचून झालं आणि त्याने मला धरलेला हात वर नेला. आता भिंतीवर आपटणार, हे मी समजलो. खरं सांगतो मित्रांनो, मला त्या क्षणी बरंच वाटलं. एकदाचं संपलं असतं.

"आरं फोडून काय व्हनार?" आण्णा कॉटवरून ओरडले. "ते मानूस त्या डबड्यात बसलंय व्हय?"

अजिनाथचा हात खाली आला. तो मुलीकडे वळला. "मला का नाही सांगितलंस?"

प्रियदर्शनी भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मागच्या वेळी सांगितलं होतं की, पप्पा."

अजिनाथ मटकन खाली फरशीवर बसला. दोन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्याला आठवायला थोडा वेळ लागला. आठवली तेव्हा त्याने हेल्मेट बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

चार वाजले आणि मी वाजलो. टिंग. "फोटो कुठे आहे?"

अजिनाथ ताडकन उठला आणि शिव्या लिहायला लागला. निम्मी ओळ झाली असेल, तोच त्याच्या नव्या फोनवर रेश्माचा फोन आला. येताना त्याने तिला कळवलं होतं. ती भरभर, पण स्पष्ट बोलली. "अहो, काही लिहू नका आणि काही पुसू नका. समोरचा सावध होईल. आमच्या दवाखान्यात लहान मुलांचं काही आलं की मुलांच्या हेल्पलाइनला, एक शून्य नऊ आठला फोन करतात. तुम्ही आधी तो लावा. मी निघालेच."

त्याने लिहिलेली ओळ पुसली आणि १०९८ लावला. पलीकडच्या बाईंनीही तेच सांगितलं. उत्तर देऊ नका, सगळं जसंच्या तसं ठेवा, पोलिसांकडे जा, आणि मुलीला एकटं सोडू नका.

तासाभरात अजिनाथ, रेश्मा आणि प्रियदर्शनी मला घेऊन सायबर पोलीस ठाण्यात होते. तिथे दाक्षायणी नावाच्या महिला पोलिसाने प्रियदर्शनीला आईशेजारी बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "पहिल्यांदा कुणाला सांगितलंस?"

"आण्णांना."

"शहाणी आहेस. खूप मुली आमच्यापर्यंत पोचतच नाहीत." मग तिने फाटकासमोरचा तो फोटो अजिनाथपुढे धरला. "हा त्याच्याकडे कसा गेला असेल?"

अजिनाथने फोटो पाहिला. मी त्याच्या खिशात होतो तेव्हा, तिच्या वाढदिवसाला त्यानेच काढला होता, माझ्याच डोळ्याने. कौतुकाने, इमारतीचं नाव दिसेल असा. आणि माझ्यातूनच सगळ्या जगाला बघता येईल असा टाकला होता. दोनशे लोकांनी छान म्हटलं होतं. तो फोटो अजून तिथेच होता.

"मीच टाकला," तो म्हणाला. रेश्माने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने तिथल्या तिथे खुर्चीत बसून तो आणि तसले सगळे फोटो काढून टाकले. त्यात अर्धा तास गेला.

मला पुराव्यासाठी ठेवून घेतलं. एका पाकिटात घालून वर लाख लावली. अडीच महिने मी त्या पाकिटात होतो. कुणी हाक मारली नाही, मी कुणाला वाजवलं नाही. इतकी गाढ झोप मला जन्मात मिळाली नव्हती. घरची आठवण आली, नाही असं नाही. पण परत जायची घाई नव्हती.

जूनमध्ये मला न्यायला तिघेही आले. दाक्षायणीने त्यांना सांगितलं, माणूस सापडला आहे. दुसऱ्या राज्यातला, चव्वेचाळीस वर्षांचा, स्वतःला दोन मुलं. आणखी नऊ मुलींना तो असंच लिहीत होता. खटला चालेल, वेळ लागेल. त्या नऊ मुलींपैकी एकीने तर शाळाच सोडली होती. रेश्माने हात जोडले. अजिनाथने सुटकेचा श्वास टाकला. प्रियदर्शनीने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे दीदी कुणीच नव्हती?"

"नव्हती बाळा," दाक्षायणी म्हणाली.

घरी आल्यावर अजिनाथने मला स्वच्छ केलं. या वेळी त्याने खातं मुलीच्या नावाचं केलं आणि जन्मतारीख तिचीच घातली. कोण लिहू शकेल, काय उघडेल, एकेक गोष्ट त्याने तिला शेजारी बसवून, विचारून ठरवली. मला खोलीत न्यायचं नाही, हॉलमध्येच वापरायचं, हेही ठरलं. हा नियम त्याने स्वतःच्या फोनलाही लावला. तो अजूनही अधूनमधून मोडतो, पण लावला आहे खरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता प्रियदर्शनीने मला उचललं. तिने तो जुना खेळ शोधला आणि ग्रीष्मा दीदीचं नाव लिहिलं. ते खातं बंद झालं होतं. मी तिला एक राखाडी गोल दाखवला, त्यात कुणाचाही चेहरा नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अजिनाथची त्या दिवशी सुट्टी होती. तो मागे येऊन उभा राहिला होता, तिला कळलंच नाही. त्याने पडद्यावरचं नाव वाचलं आणि त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली. "अजून तू त्या..." एवढं त्याच्या तोंडून निघालंच. ती दचकून वर बघायला लागली. तो थांबला. पुढचे शब्द त्याने गिळले, ते मला दिसलं. मग तो तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"ती माझ्याशी रोज बोलायची, पप्पा," ती म्हणाली. "खोटी होती ना. पण रोज बोलायची."

बापाने विचारलं, "काय बोलायचीस तिच्याशी?"

"तुम्ही वाचलंय की."

"वाचलंय. तू सांग."

ती एकेक सांगायला लागली. वर्गात कुणी गटात घेत नाही ते. दुपारी जिन्यात पावलं वाजली की भीती वाटते ते. आणि मग, खाली बघत, फरशीवर बोटाने रेघा ओढत, बापाबद्दलचं सगळं. तुम्ही ऐकून न घेता ओरडता. तुम्ही आलात की मी आत जाऊन बसते. मला तुमचा लई राग येतो. जे त्याला कळेल या धाकाने तिच्या हातातून औषधाची बाटली सुटली होती, ते ती त्याच्या तोंडावर बोलत होती. आणि अजिनाथ ऐकत होता. एकदा त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मध्येच त्याचा फोन वाजला, त्याने तो उचलला नाही.

मित्रांनो, मी थकलो आहे. आता माझ्याने फार काही होत नाही आणि होऊ नये असंही वाटतं. पण तुमच्यापैकी कुणाला माझ्यासारख्यातून कुणी लाज वाटेल असं काही मागितलं, भीती घातली, किंवा घरी सांगू नकोस म्हणालं, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आजोबांना सांगा, बाईंना सांगा, त्यांना फोनमधलं ओ की ठो कळत नसलं तरी सांगा. घरी कुणीच नसेल तर १०९८ लावा. आणि मोठ्यांनो, तुमचं मूल घाबरून तुमच्याकडे येईल तेव्हा तुम्ही दमलेले असाल, पायात बूट असतील, डोकं तापलेलं असेल. तरी त्या दिवशी ओरडू नका. खाली बसा आणि ते काय म्हणतं ते शेवटपर्यंत ऐका. निरोप पोचवायचं काम मी करू शकतो. ऐकायचं काम मला येत नाही, ते तुमचं आहे.